दहा मिनिटं पुढे

माझ्या धाकट्या भावाने काळातून मागे जाणाऱ्या माणसाचा सिनेमा केला आणि तो आमच्या लालबागच्या खोलीत केला. असला विषय दहा बाय बाराच्या खोलीत का करावा, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही कळलेलं नाही. पण त्याला दुसरी खोली मिळत नव्हती आणि नाही म्हणायची ताकद माझ्यात उरली नव्हती. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. चाळ रिकामी करायची नोटीस जिन्याखाली लागली होती. माझं ऑफिस, बाबांची औषधं, सामानाची बांधाबांध, आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणून हा सिनेमा.

गोष्ट सांगायला सोपी होती. एक माणूस कपाटात शिरतो आणि दहा मिनिटं आधी बाहेर येतो. यंत्र म्हणजे आईचं लोखंडी कपाट. बाहेर येतो तेव्हा दहा मिनिटांपूर्वीचा तो स्वतः अजून खोलीतच असतो, म्हणजे एकाचे दोन होतात. तो पुन्हा शिरतो, मग तीन. चौथ्या वेळेपासून मी समजून घ्यायचा नाद सोडला. नायक धाकटाच होता, कारण दोन आठवडे रोज यायला दुसरा कोण रिकामा होता? बाबांना त्याने नायकाचा बाप केलं. त्यांनी खाटेवर पेपर वाचत बसायचं, सगळं बघायचं आणि एक शब्द बोलायचा नाही. घरात ते तेच करत, त्यामुळे त्यांना शिकवावं लागलं नाही.

हसण्यासारखं आहे खरं, पण धाकट्याचं सगळं त्यावर होतं. कॉल सेंटरची नोकरी सोडून तीन वर्षं त्याने या कथेत घातली होती. या तीन वर्षांत बाबा त्याच्याशी जेवणापुरतं बोलत. त्याने मला सांगून ठेवलं होतं, "ताई, हा पुरा झाला तर ठीक. नाहीतर परत हेडफोन लावून बसतो, सिनेमाचं नाव नाही काढणार." तो हे सहज बोलला असता तर मी टाळी दिली असती. पण तो तसा बोलला नव्हता.

माझ्याकडे वही आली. कुठल्या शॉटला कप कुठे होता, शर्टाची किती बटणं लावली होती, आणि मुख्य म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते, ते लिहायचं. सव्वीस वर्षं कारकुनी केलेल्या बाईला वही दिली की तिला वाटतं, हे आपल्याला जमतं.

घड्याळाचं सांगायला हवं. आमच्या घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असे. बाबांची पहिली पाळी असायची तेव्हा भोंग्याआधी ते गिरणीच्या गेटात असावेत म्हणून आईने ते पुढे केलं होतं. पुढे गिरणी बंद पडली, दोनदा घड्याळही बदललं, पण दहा मिनिटं तशीच राहिली. आमच्या शाळेसाठी राहिली, मग माझ्या ऑफिससाठी. एखादा पाहुणा घड्याळाकडे बघून "अरे बापरे, साडेसात!" म्हणत उठला की आई म्हणायची, "बसा हो, सात वीसच झालेत." आम्ही चौघं काट्यांकडे बघायचो आणि दहा वजा करूनच वेळ डोक्यात शिरायची. आपण वजाबाकी करतोय हेसुद्धा कळत नसे.

पहिल्या आठवड्यात कॅमेरा धाकट्याच्या एका मित्राकडे होता आणि घड्याळही तोच लावायचा. कपाटात शिरायचे सगळे शॉट तेव्हा झाले. कथेच्या कागदावर चार वीस होतं, त्याने काटे चार वीसवर आणले आणि सेल काढून ठेवला, म्हणजे काटे हलायला नकोत. मी कागदावरची वेळ वहीत उतरवली. संध्याकाळी सगळे गेले की बाबा स्टुलावर चढून सेल घालायचे. "बंद घड्याळ घरात ठेवतत काय?" एवढं पुटपुटून ते काटे पुन्हा दहा मिनिटं पुढे लावत.

दुसऱ्या आठवड्यात तो मित्र बहिणीच्या लग्नाला गावी गेला. खोली सोडायला नऊ दिवस उरले होते, थांबणं शक्यच नव्हतं. मग कॅमेरा कधी स्टँडवर, कधी माझ्या हातात, आणि घड्याळ लावायचं कामही माझ्याकडे. कपाटातून बाहेर यायचे सगळे शॉट आम्ही तिघांनी मिळून केले. कागदावर वेळ होती चार दहा. मी रोज काळजीपूर्वक चार दहा लावले, धाकट्याने बघितलं, बाबांनी बघितलं, सगळ्यांनी मान हलवली. दहाव्या दिवशी आम्ही शिवडीच्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये राहायला गेलो आणि महिन्याभरात चाळीभोवती पत्रे लागले.

दादरला एका नागपूरच्या मुलीकडे एडिटिंग चाललं होतं. एका शनिवारी तिने आम्हा दोघांना बोलावलं.

"हा माणूस चार वीसला कपाटात जातो ना," ती म्हणाली, "आणि बाहेर येतो तेव्हाही चार वीसच वाजलेत. मग तो गेला कुठे?"

"चार दहा आहेत ना," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

तिने आमच्याकडे पाहिलं. मग उठून पडद्यावरच्या मोठ्या काट्यावर बोट ठेवलं. बोट चारच्या आकड्यावर होतं.

 चार दहा दाखवायला मी रोज चार वीस लावले होते. आमच्या घरात चार दहा असेच दिसतात. जगात कुणालाही ते चार वीस दिसले असते, आम्हा तिघांना सोडून, आणि नेमके आम्ही तिघंच खोलीत होतो. कॉम्प्युटरवर काटे बदलता येतील का, असं मी विचारलं. घड्याळापुढून सारखी माणसं जात होती, काच चमकत होती, माझ्या हातातला कॅमेरा डुगडुगत होता. तिने हात जोडले. खोली तर आता पत्र्यांच्या आत होती आणि तिची दारंही काढून नेली होती.

 धाकटा मला बोलला असता तर मी भांडले असते. दादरच्या बसस्टॉपवर मी रडले, रुमाल तोंडावर धरून, डोळ्यात धूळ गेल्यासारखं करत.

तोड त्या मुलीनेच काढली. माणूस बाहेर येतो, घड्याळात चार वीसच बघतो आणि त्याला वाटतं, यंत्र फसलं. तेवढ्यात म्हातारा बाप उठतो आणि पुढे असलेलं घड्याळ दहा मिनिटं मागे करतो. तेव्हा त्या माणसाला आणि प्रेक्षकांना कळतं की खरे चार दहाच वाजलेत, आणि दहा मिनिटांनी याच नीट केलेल्या घड्याळात चार वीस झाले की तो कपाटात शिरणार आहे. एकच शॉट हवा होता, जवळून घेतलेला. घड्याळ आणि बाबांचा हात. शिवडीच्या भिंतीवर तेच घड्याळ होतं, तसंच दहा मिनिटं पुढे.

बाबांनी ऐकून घेतलं आणि पेपर उघडला. "तुझ्या आवशीन पुढे केलला घड्याळ मी मागे करू? नाय जमाचा."

"राहू दे, बाबा," धाकटा म्हणाला. आत जाऊन त्याने जुन्या ऑफिसातल्या कुणाला तरी फोन लावला. जागा आहे का, असं विचारत होता. पार्टिशन प्लायचं होतं, शब्दन् शब्द ऐकू येत होता.

मग माझा तोल गेला. थकलेल्या माणसाचा राग चुकीच्या जागीच निघतो. मी बाबांना म्हटलं, "घड्याळ पुढे ठेवल्याने आई परत येणार नाहीये. ती गेली. जो आहे त्याच्याकडे तरी बघा." हे मी वर्षभर कुणाशी बोलले नव्हते, स्वतःशीसुद्धा नाही. बाबांनी पेपरची घडी घातली आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मीही नाही.

रविवारी दुपारी मी भांडी घासत होते. बाहेर आले तर बाबा सिनेमातला निळा शर्ट घालून खाटेवर बसले होते. "काय ता करा लवकर," ते म्हणाले.

धाकट्याने कॅमेरा लावला. बाबा स्टुलावर चढले, मी स्टूल धरलं. त्यांनी घड्याळ उतरवलं, छातीशी घेतलं आणि मागची चावी अंगठ्याने फिरवायला लागले. एका मिनिटाला थांबले, पुन्हा फिरवलं, पुन्हा थांबले. दहा मिनिटं मागे जायला त्यांना फार वेळ लागला. धाकटा कट म्हणालाच नाही. कॅमेऱ्यामागे त्याचे खांदे हलत होते. बाबा खाली उतरले आणि जाता जाता त्याच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला, तीन वर्षांत पहिल्यांदा.

मी घड्याळ पुन्हा पुढे करायला हात घातला. बाबा म्हणाले, "ऱ्हवांदे गो."

सिनेमा पुरा झाला. परळच्या एका छोट्या हॉलमध्ये चाळीसएक माणसांनी बघितला. निम्म्यांना समजला नाही आणि उरलेल्या निम्म्यांनी तसं सांगितलं नाही. पण बाबांच्या हाताच्या शॉटला कुणी खोकलंसुद्धा नाही. धाकटा आता दुसरी कथा लिहितोय, आणि बाबा त्याला चहा विचारतात.

घड्याळ तेव्हापासून बरोबर चालतं. मीच चालत नाही. सकाळी त्याच्याकडे बघते, सवयीने दहा कमी करते, अजून वेळ आहे म्हणून डबा निवांत भरते आणि बस चुकते. परवा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. सव्वीस वर्षांत तुम्हाला कधी उशीर झाला नाही, मग आताच रोज काय होतंय, असं त्यांनी विचारलं. चांगला माणूस आहे, काळजीने विचारत होता. 

मी म्हटलं, "साहेब, घरातलं घड्याळ बरोबर झालं."