पिकअपमागून आलेले मामा

निवृत्त झाल्यावर माणसं यात्रेला जातात किंवा आत्मचरित्र लिहितात. मी पिकअप घेतली. पुढे चौघांपाचांची केबिन, मागे उघडा हौदा. कोल्हापुरात असल्या गाडीतून एकतर पेंडीची पोती उतरतात नाहीतर पुढारी. माझ्या गाडीतून दोन्ही उतरेनात, तेव्हा कॉलनीनं ठरवून टाकलं की मी निवडणुकीला उभा राहणार. एका गृहस्थांनी तुंबलेल्या गटारीचा अर्ज आणून दिला. नाक्यावरच्या हवालदारानं एकदा सलामाला हात उचलला, आत नुसता प्राध्यापक आणि मागे पुस्तकांचं कपाट पाहून त्यानं तो अर्ध्यातून डोकं खाजवायला वळवला.

गाडी चांगली आहे, फक्त तिला ओझं लागतं. रिकामी पळवली की मागचे स्प्रिंगचे पाटे कडक राहतात आणि प्रत्येक खड्डा आपल्या मणक्यांवर नोंदवला जातो. हौद्यात काही टाकलं की शहाण्यासारखी चालते. म्हणून कॉलनीतल्या गाद्या, कुंड्या, गणपती, लग्नातली भांडी असं कुणाचंही काहीही मी नेतो. दर रविवारी टायरची हवा बघतो, हौदा धुतो, हौद्याच्या मागच्या फाळक्याच्या बिजागऱ्यांना तेल देतो. बायको म्हणते, इतकं तुम्ही माझ्या गुडघ्यांना कधी चोळलं नाही.

तिचे वडील आमच्याच जिल्ह्यातल्या मलकापूरचे. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला लग्नाच्या दिवसापासून पावणं म्हणतात. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा त्यांच्याकडचा जुना रिवाज. आम्हाला मूल झालं नाही. रिवाज तिथंच थांबला, आणि त्याच्याबरोबर मामाही आमच्या दारात थांबले. लेकीवर जीव असा की काही ना काही निमित्त काढून जीप घेऊन यायचे; कधी लोणी, कधी काकवी. पण जेवायचे जीपमध्ये. जीप दाराशी लावायची, फडक्यातली भाकरी मांडीवर सोडायची, आणि लेकीनं शेजारी स्टूल टाकून बोलत बसायचं. सुरुवातीला मला हा अपमान वाटला, मग विनोद वाटला, आणि पुढे ‘मामा जीपमध्ये जेवतायत’ हे मी ‘मामा आंघोळीला गेलेत’ अशा सुरात सांगू लागलो.

गेल्या वर्षी मामी गेल्या. त्याच पावसाळ्यात जीपचं इंजिनही जाम झालं. मामा एकटे, गोठ्यात एकदा घसरून पडलेले. बायको फोनवर रोज तेच म्हणायची, "आबा, या की इकडं." मामांचं उत्तर ठरलेलं, "जीप चालू झाली की येतो." जीप चालू होणार नव्हती. दोन मिस्त्रींनी बघून हात टेकले होते. बायको जेवताना फोन ताटाशेजारी ठेवू लागली. तो वाजला की घास तसाच राहायचा.

एकदा ती चिडून म्हणाली, "जीपचं एवढं काय घेऊन बसलाय?"

 पलीकडून मामा म्हणाले, "आगं, जीप नसली तर मी तितं जेवू कुटं?"

तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "अहो, आपली पिकअप जीप ओढेल?"

आम्ही मलकापूरला गेलो. क्रेनवर घालून नेऊ, असं मी सुचवलं. मामा कडाडले, "मड्यागत उचलून न्यायची व्हय? टोचन लावा." टोचन म्हणजे बंद गाडी दोराला बांधून ओढायची. त्यात मागच्या गाडीतही स्टिअरिंगवर माणूस लागतो. उतारावर ब्रेक त्यानंच मारायचा, नाहीतर मागची गाडी पुढचीच्या पाठीत बसते. तो माणूस कोण, हे विचारायच्या आत मामा जीपमध्ये चढून बसले होते. गुडघे दुखत होते, नजर मात्र शाबूत होती.

"पावणं, म्होरं तुमी. पर ब्रेक माझा."

मिस्त्रीला बोलावून ब्रेक तपासून घेतला, हॉर्नपुरती बॅटरी बसवली. एक हॉर्न म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा. बायकोनं पिकअपच्या हौद्यात काय काय भरलं ते मी विचारलं नाही. गाडी शहाण्यासारखी चालेल एवढं ओझं होतं, इतकंच पाहिलं.

वाटेत मी रस्ता बघत होतो आणि ती मागे वळून वडिलांना. बांबवड्याला वेग कमी केला तेव्हा एका मोटरसायकलवाल्यानं जीपशेजारी येऊन विचारलं, "पावणं, बंद पडली व्हय?"

"बंद कशानं पडंल? डिझेल वाचवाय लागलोय!"

वाघबिळाचा चढ पिकअपनं कुरकुर न करता घेतला. मला धास्ती पुढच्या उताराची होती. पन्हाळ्याकडचा फाटा मागे टाकून खाली उतरू लागलो. मी आरशात दोर बघत होतो. तो एकदाही सैल पडला नाही. प्रत्येक वळणाच्या आधी मामा मोजका ब्रेक मारत होते. इतक्या वर्षांत जावयापासून राखलेलं अंतर त्यांनी दोरावरही बरोबर राखलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन हॉर्न वाजले. मी थांबलो.

"दोर सोडा," मामा म्हणाले.

"मामा, घर आलंच की."

"म्हणून तर म्हणतोय. सोडा."

गल्लीला घरापर्यंत उतार आहे. बायको पळत पुढे गेली. मी पिकअप बाजूला घेतली. मामांनी ब्रेक सोडला, आणि जीप इंजिनाशिवाय, आवाजाशिवाय, स्वतःच्या चाकांवर खाली निघाली. दारात त्यांनी नेहमीसारखा लांब हॉर्न दिला. गॅलऱ्यांतून माणसं डोकावली. बायकोनं जीपसकट त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि जीप गेटातून आत गेली. तेव्हापासून माझी पिकअप रस्त्यावर उभी असते.

संध्याकाळी ती ताट घेऊन जीपपाशी गेली. मामा ताटाकडे बघत राहिले.

"पीठ मलकापूरचं हाय," ती म्हणाली. वडिलांसमोर तिची शहरी मराठी गळून पडते. "डाळ तुमच्या डब्यातली. ताट आईचं. गाडी तर तुमचीच."

हौद्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं.

मामांनी भाकरी मोडली, मग थांबले. "आन् पाणी?"

ती तांब्या धरून उभी होती. "पाणी नदीचं हाय, आबा. ते माझं कुटनं?"

मामांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तांब्या घेऊन वरून घटाघटा प्यायले. मिशा पुसल्या, सीटवर थोडे पलीकडे सरकले.

"उभी का? बस की," ते म्हणाले. "आन् पावण्यांचं ताट?"

मी माझं ताट घेऊन आलो आणि जीपच्या मागच्या फळीवर बसलो.