नसलेल्या म्हशीचं दूध

माझी काकू रोज पहाटे गोठ्यात उभी राहून म्हशीला शिव्या घालायची. "हल की गं भवाने! पाय टाकशील बादलीत!" बादली आपटायची, साखळी वाजवायची. गोठ्यात म्हैस नव्हती. काकाच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा दवाखान्यासाठी चंद्री विकावी लागली, आणि ते आतल्या खाटेवर पडलेल्या काकाला कुणी सांगितलं नव्हतं.

सांगणार तरी कसं? काकाला गिळता यायचं ते दूध आणि दुधात कुस्करलेला भात. पिशवीच्या दुधाबद्दलचं त्याचं मत अख्ख्या गावाला पाठ होतं : "प्लॅस्टिकच्या आचळाचं दूध मी नाय पिणार." माणूस हट्टी. कळलं असतं तर त्यानं तोंड मिटलं असतं, आणि मिटलं ते मिटलं.

मी तेव्हा खालापूरजवळ एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागलो होतो आणि काकूकडे राहत होतो. पळसदरी स्टेशनजवळच्या दुकानातून म्हशीच्या दुधाची पिशवी आणणं ही माझी जबाबदारी. काकू ते दूध बोटाला सोसेल इतकं कोमट करायची आणि रवीनं घुसळून त्यावर फेस आणायची. ओठाला फेस लागला की काका म्हणायचा, "चंद्रीच ती!" आम्ही दोघं कोरा चहा प्यायचो. दूध परवडावं म्हणून किराण्यातून आधी तूप गेलं, मग तूरडाळ पातळ होत गेली. "डाळीचं पाणी पिवळं दिसलं तरी भागतं," काकू म्हणायची, "दूध नुसतं पांढरं दिसून भागत नाय."

एकदा मी अक्कल चालवली. गायीच्या दुधाची पिशवी स्वस्त दिसली. ती घेतली, आणि उरल्या पैशांची मूठभर डाळ आणली. शाबासकी मिळणार म्हणून घरी शीळ घालत आलो. काकानं घोट घेतला, जीभ फिरवली.

"चंद्रीच्या दुधाची चव बदलली गं."

काकूनं पापणी हलवली नाही. "गाभण हाय ती. आटायला आली."

बाहेर येऊन तिनं माझा कान पिळला. "आता पारडू तू घालणार का रं मुडद्या?"

काकाला मात्र हुरूप आला. म्हैस 'आटली', तेव्हापासून म्हशीच्या दुधाची तीच पिशवी खालच्या आळीतल्या भाभींच्या गोठ्यातलं दूध म्हणून त्याला मिळू लागली. भाभींकडे खरोखरच्या म्हशी होत्या. त्यांचं सुटं दूध आम्हाला परवडत नव्हतं. काका रोज विचारायचा, "कास भरली का?" कास भरत होती आणि काका उतरत चालला होता. भात सुटला. पेला अर्धा राहू लागला. "चीक खाऊन जाईन," एवढंच म्हणायचा.

चीक आमच्याकडे कुणी विकत नाही. म्हैस व्याली की घरोघर वाटतात. काकू जन्मभर वाटणारी. भाभींची म्हैस व्याल्याचं कळलं, तेव्हा ती पहिल्यांदाच पदराआड तांब्या धरून दुसऱ्याच्या उंबऱ्याशी उभी राहिली.

"सांगावा धाडायचा ना, काकू. मीच आले असते घेऊन," भाभी म्हणाल्या.

"नाय गं. खोटं माझं हाय, पायबी माझेच झिजू दे."

गूळ घालून खरवस झाला. काकानं एक चमचा डोळे मिटून खाल्ला. मग विचारलं, "नर का मादी?"

बारा महिने चोख उत्तरं देणारी काकू चमच्यानं वाटीतल्या वड्या मोडत राहिली. म्हणून मीच तोंड घातलं, "मादी, काका. कपाळावर पांढरा ठिपका हाय."

काका हसला. हसायचं ते आता अर्ध्याच तोंडानं.

"हिला तरी इकू नको," तो काकूला म्हणाला.

चमचा वाटीवर खणकन वाजला. काकूनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याच्या हनुवटीवरचा ओघळ तिनं पदरानं पुसला.

"नाय इकत," ती म्हणाली, आणि पुढचा चमचा भरून त्याच्या ओठाशी नेला. काकानं तोंड उघडलं.