खंडेनवमीचा इसावा
झेंडूचा वास आला की मला आमची मशीनची खोली आठवते. सावेडीतल्या संशोधन केंद्रात मी तेव्हा नवा होतो, आणि हवामानाच्या अभ्यासासाठी सरकारने आम्हाला एक महासंगणक दिला होता. कपाटाएवढे काळे डबे ओळीने उभे. विकत घ्यायला दिल्लीहून पैसे आले, पण विजेचा आणि एसीचा खर्च कुणी करायचा हे दोन खात्यांत काही ठरेना, म्हणून आल्यापासून तो एकदाही सुरू झाला नव्हता. खंडेनवमीला मात्र साहेबांनी त्याची थाटात पूजा मांडली. माझी आई पारनेरहून खास मशीन बघायला आली होती. दाराबाहेर चपला काढून ती आत आली आणि कुंकू लावलेल्या डब्याला कान लावून थोडा वेळ उभी राहिली. मग साहेबांकडे वळून ती म्हणाली, "आज इसावा दिला त्याला, लई बरं केलं. आमीबी आज औत उभंच ठिवतो. वरीसभर राबतंय बिचारं." साहेब खाली बघत पेढ्यांचा बॉक्स उघडू लागले. गेल्या वर्षी तो महासंगणक तसाच, कोराच, भंगारात गेला. आईला मी सांगितलेलं नाही. खंडेनवमीला तिचा फोन येतोच. "आज बंद ठिवलंय ना रं त्याला?" "व्हय आई," मी म्हणतो, "बंदच हाय."