कॅव्हन्साइटच्या शोधात कऱ्हाटीला

कऱ्हाटीच्या युसूफभाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर एका दगडाचा फोटो टाकला आणि आमचा रविवार कामातून गेला. माझ्या माहेरच्या शेतातली मोटर हेच दुरुस्त करतात. त्यांच्या नव्या विहिरीत पांढऱ्या गारेवर निळ्याजर्द सुयांचे झुबके निघाले होते. दगड जमवायचं वेड असलेला माझा नवरा त्या फोटोकडे जसा बघत होता, तसं त्यानं लग्नात माझ्याकडेही बघितलं नव्हतं.

"कॅव्हन्साइट! वाघोली सोडून आपल्याकडे कुठं मिळतं? शोध माझ्या नावावर लागेल!" विहीर युसूफभाईंची, शोध याचा.

पुण्याहून सासवड-जेजुरी-मोरगाव मार्गे जा आणि दिवे घाट सकाळी लवकर गाठा, नाहीतर ट्रकमागे बसून धूर खा. आम्ही धुराबरोबर व्याख्यानही खाल्लं. कॅव्हन्साइट म्हणजे कॅल्शियम आणि व्हॅनेडियमचं सिलिकेट, निळाई व्हॅनेडियमची. पेंटॅगोनाइटचं रासायनिक सूत्रही अगदी तेच, पण आतल्या अणूंची मांडणी निराळी, म्हणून खनिज निराळं. आपलं कुठलं, हे स्फटिकांचा आकार भिंगातून बघून हा ठरवणार होता.

"आणि इतकं ठिसूळ, की बोटसुद्धा लावायचं नाही."

जेजुरीला त्याचं मिसळीत लक्ष नव्हतं. त्याची प्लेटही मीच संपवली.

कऱ्हाटीला अंगणात खाट, खाटेवर धुतलेली चादर आणि चादरीवर दगड. पांढराशुभ्र.

"निळं कुठंय?" नवऱ्याचा आवाज चिरकला.

"लय कळकट हुता वो," युसूफभाईंच्या पत्नी जैनबभाभी म्हणाल्या. "पुण्याची पाव्हणी येणार, तसाच कसा दावायचा? काथ्यानं घासला. निळं समदं निघालं बगा."

"सकाळपासनं त्येच करतीय," युसूफभाई कौतुकानं म्हणाले.

भिंग खिशातच राहिलं. आता हा रडणार किंवा ओरडणार, असं मला वाटलं. पण तो म्हणाला, "भाभी, काय चकाचक केलाय!" भाभींचा चेहरा खुलला. मला नवऱ्याचा चक्क अभिमान वाटला.

परतताना बारामतीहून भिगवणला वळलो. तळलेली चिलापी खायची तर पक्ष्यांचे मोठाले बोर्ड लावलेली हॉटेलं टाळून साध्या खानावळीत बसा. पैसे कमी आणि मासा ताजा. नवरा नुसते काटेच काढत बसला होता.

दगड आता आमच्या दिवाणखान्यात आहे. कॅव्हन्साइट की पेंटॅगोनाइट, ते कऱ्हाटीच्या मोरीला ठाऊक. भाभींना खरं सांगायला हवं होतं का, यावर आमचं रोज वाजायचं. मी म्हणायचे, बाईंचं मन राखलंस, बरं केलंस.

काल भाभींचा फोन आला. "भाऊ, दुसरा गावला! ह्यो तर पैल्यापरीस निळा हुता."

"होता?"

"व्हय! काळजी नगा करू, घासून ठिवलाय."