कानबाई की जायफळ?

खिरीवर जायफळ किसताना मी अजूनही एरंडोलच्या घरात जाऊन पोचते आणि गोंधळते.

खानदेशातल्या कानबाई देवीचा सण होता. रात्रभर झोप नाही म्हणून काकूने सकाळी दोन जायफळं उगाळून दुधातून घेतली होती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दुपारी ती डोलायला लागली. डोळे लाल, ओठ कोरडे पडलेले. "कानबाई उनी!" म्हणत, देवी अंगात आली समजून बायका तिच्या पाया पडल्या. घर सोडून गेलेल्या मामासाठी आईने विचारलं, "मना भाऊ येई का?"

"येई," काकू म्हणाली.

संध्याकाळी तिला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी तिच्या छातीची धडधड पाहिली, काय खाल्लं ते खोदून विचारलं आणि "जायफळ बाधलंय" म्हणत तिथेच ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली, पण तिला काहीच आठवेना.

आईने मला हळूच विचारलं, "मंग 'येई' कोन बोलनं?"

तेव्हा मी हसले होते.