डास धरणारा साहेब

वडील तुळजापूरला पुजारी होते. मला मलेरियाच्या खात्यात नोकरी लागली, तेव्हा ते लोकांना "मुलगा साहेब झाला" असं सांगू लागले. मी त्यांना थांबवलं नाही, कारण खरं काम सांगायची मलाच लाज वाटायची.

माझं काम डास धरायचं. सकाळी उजाडलं की गावातल्या गोठ्यांत शिरायचं, अंधाऱ्या भिंतीवर बसलेला डास बॅटरीच्या उजेडात हेरायचा, त्याच्यावर काचेची नळी धरायची आणि तिला जोडलेल्या रबरी नळीतून तोंडानं हवा ओढायची. डास काचेत यायचा. मध्ये मलमलीचा तुकडा असायचा, म्हणून पोटात जायचा नाही. एका गोठ्यात पाव तास, मग पुढचा. धरलेले डास तपासायला खरेखुरे साहेब वेगळे होते.

एकदा येरमाळ्याजवळच्या गावात असाच गोठ्यात वाकलो होतो. घरमालक शाळामास्तर, दारात उभे राहून बघत होते.

"तुमच्या खात्यात तुळजापूरच्या पुजाऱ्यांचा मुलगा साहेब हाय म्हणं. ओळखता का?"

नळी तोंडात होती. मी नुसती मान हलवली.

"आमच्या मुलीसाठी त्याचं स्थळ आलंय. कसाय पोरगा?"

आता नळी काढावीच लागली. तुळजापुरातून खात्यात गेलेला पुजाऱ्याचा मुलगा मी एकटाच.

"बरा आहे," मी म्हणालो.

"बराच?"

"शांत आहे. कामाला चुकत नाही."

"साहेब लोक गोठ्यात येत नसतील."

"तो येतो," म्हणालो आणि भिंतीकडं वळलो.

पंधरा दिवसांनी वडील मला मुलगी बघायला त्याच घरी घेऊन निघाले. मी खोकल्याचं निमित्त केलं, चाललं नाही. मास्तरांनी दारातच मला ओळखलं. हातात पाण्याचा तांब्या दिला आणि आत नेऊन बसवलं. पोहे झाल्यावर वडिलांना म्हणाले,

"तुमच्या मुलाची चौकशी केली मी. खात्यातल्याच एका माणसाकडं."

वडील सावरून बसले. "काय म्हणाला?"

"बरा आहे म्हणाला. शांत आहे म्हणाला. त्यापुढं कौतुक काही केलं न्हाई."

"खात्यात मत्सर लई," वडील म्हणाले. "मोठ्या माणसाचं कौतुक कुणाला बघवत नाही."

"तसंच असंल," मास्तर म्हणाले आणि खाली बघून सुपारी कातरत राहिले. त्याच बैठकीत लग्न ठरलं. वडिलांना मी कधी काही सांगितलं नाही. मास्तरांनीही नाही.

लग्नानंतर कामावर निघालो त्या पहिल्या सकाळी बायकोनं पिशवीतली नळी काढून निरखून पाहिली.

"हे कापड फाटलं तर?"

दोनदा फाटलं होतं. दोन्ही वेळा मी दिवसभर जेवलो नव्हतो. तिला म्हटलं, "तसं होत नाही."

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, आपल्या जुन्या मऊ पातळाची घडी कापली आणि नळीत दुहेरी कापड बसवून दिलं.