जावयाचा पाय रेषेबाहेर

जळगावच्या आमच्या कॉलेजचा मुलींचा कबड्डी संघ लग्नसराईने संपवला. डावा कोपरा दिवाळीनंतर गेला, उजवा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत. आमची कर्णधार दोंडाईच्याच्या स्पर्धेत भल्याभल्यांना आडवी करून आली आणि पुढच्याच उन्हाळ्यात चोपड्याकडे एका केळीवाल्यांच्या घरी नांदायला गेली. पुन्हा खेळशील का, असं विचारायला मी तिच्याकडे गेले, तर उत्तर तिच्या सासूबाईंनीच दिलं. म्हणाल्या, आता तिने कोणाला पकडायचं राहिलंय?

माझं लग्न ठरत नव्हतं, म्हणजे मी ठरू देत नव्हते. महिला संघटनेची पत्रकं लिहायची, सायक्लोस्टाईलच्या शाईने बरबटलेल्या हातांनी वाटायची, हे माझं काम. पण मैदान सुटत नव्हतं. खेळायला संघ उरला नाही, म्हणून मी धुळ्याला जाऊन पंच परीक्षा दिली आणि पास झाले. पुढे काय झालं? मला गुणलेखनाच्या टेबलावर बसवलं. ताईंचं अक्षर छान आहे, म्हणे. पाहुणे आले की टेबलावरून उठवून ओवाळायला उभं करायचे. पंच म्हणून बोलावलेल्या एखाद्या पुरुषाच्या हातात कोणी कधी आरतीचं ताट दिलं असेल, तर मला जरूर कळवावं.

पत्रकात लिहावं तसं मी भांडले. शेवटी जिल्हा संघटनेचे चिटणीस कंटाळले आणि पारोळ्याजवळच्या एका गावात पुरुषांच्या अंतिम सामन्याची शिट्टी त्यांनी माझ्या हाती दिली. वर बजावलं, "ही एक वेळ. मैदानात गोंधळ झाला, तर मग तुम्ही आणि तुमचं टेबल." म्हणजे त्या एका सामन्यावर माझीच काय, जिल्ह्यात माझ्यामागून येणाऱ्या प्रत्येक मुलीची शिट्टी ठरणार होती. पुरुष पंचांच्या सामन्यांत खुर्च्या मोडलेल्या मी पाहिल्या होत्या, पण त्यापायी पुरुषांना कोणी कायमचं टेबलावर बसवलं नव्हतं.

सामना यजमान गावाचा आणि धुळ्याच्या एका संघाचा. धुळ्याचा कर्णधार या गावचा जावई निघाला. सासरे मांडवात पहिल्या रांगेत, गावात सगळे त्यांना आबा म्हणत. गावच्या संघात दोन सख्खे मेहुणे, बाकीचे चुलत. जावईबापू चढाईला आले की ही सगळी फळी वऱ्हाडाला वाट द्यावी तशी मागे सरकायची. डाव्या कोपऱ्यातल्या मेहुण्याच्या हाताशी दोनदा घोटा आला आणि दोन्ही वेळा त्याने हात मागे घेतला. लग्नात ज्याचे पाय धुतले, त्याचा पाय भर मैदानात धरून ओढायचा कसा! मांडवातून चढाईला टाळ्या पडत, त्याही जावयाला. मी बाजूच्या रेषेवर दात खात उभी. पकड करायची की नाही हा संघाचा प्रश्न, त्यात पंचाला बोलता येत नाही.

शेवटची काही मिनिटं उरली होती आणि गाव एका गुणाने मागे होतं. जावईबापू पुन्हा चढाईला आले, एकाला शिवायला झेपावले, तोल गेला आणि त्यांची टाच बाजूच्या रेषेपलीकडे टेकली. फक्कीची पांढरी रेषा तिथे फिसकटलेली, बाहेरच्या ओल्या मातीत टाचेचा ठसा. मी शिट्टी मारली. चढाईपटू बाद, गुण यजमानांना.

गावाला बरोबरीचा गुण मिळाला होता आणि गावच भडकलं. आबा उठून उभे राहिले. "पोरी, तू जावईले बाद करी ऱ्हायनी?"

मी ठसा दाखवला. कोणी बघेना. गावचा कर्णधार, म्हणजे थोरला मेहुणा, माझ्यापुढे हात जोडून आला. "ताई, आमले तो गुण नही जोयजे. पाव्हणा घरना शे."

इतकी वर्षं बायकांवरच्या अन्यायाची पत्रकं लिहिली, पण ज्यांना गुण मिळाला त्यांनीच अन्याय झाला म्हणून पंचाला घेरावं, याला माझ्याकडे मजकूर नव्हता. तेवढ्यात चिटणीस लगबगीने आले. ताई, जरा चहा घ्या, शेवटची मिनिटं सर बघतील, असं हसत हसत म्हणाले आणि शिट्टीसाठी हात पुढे केला. सर म्हणजे पलीकडच्या रेषेवरचे दुसरे पंच. ते आभाळाकडे बघत होते.

"शिट्टी मिळणार नाही," मी म्हटलं. "आणि गुण नको म्हणायचा हक्क कुठल्याच संघाला नाही. तो त्यांच्या घरचा लाडू नाही, पाहुण्याच्या ताटात सरकवायला."

आता खुर्च्या हलू लागल्या. चिटणिसांचा हात तसाच पुढे. मला माझं टेबल दिसू लागलं.

मग जावईबापू खाली वाकले, टाचेचा चुना हाताने पुसला आणि म्हणाले, "मना पाय भाईर व्हता. मी बाद शे." आणि बाहेर जाऊन बसले.

झालं. चिटणिसांनी हात मागे घेतला. माझी शिट्टी, ठसा, नियम, परीक्षा, कशानेच जे पटलं नाही, ते जावयाच्या एका वाक्याने पटलं. ते बाहेर गेल्यावर मेहुण्यांच्या हातांत जीव आला. पुढच्या चढाईला आलेल्या धुळेकराला त्यांनी घोट्यात धरून असा आडवा केला की तो कोणाचाच जावई नाही, हे लांबूनही कळावं. गाव एका गुणाने जिंकलं. टाळी वाजली नाही. आबा आधी जावयाकडे गेले आणि झाल्या प्रकाराची माफी मागून आले.

बक्षीस समारंभात तीन भाषणं झाली, तिन्ही जावयाच्या मोठेपणावर. सरांना टॉवेल-टोपी, मला ब्लाऊजपीस आणि नारळ. परतताना जीपमध्ये चिटणीस खुशीत होते. जावईबापूंनीच तुम्हाला मानलं म्हटल्यावर आता अडचण नाही, चोपड्याचे सामनेही तुम्हीच घ्या, म्हणाले. त्या कारणासाठी मिळालेली शिट्टी त्यांच्या अंगावर फेकावीशी वाटत होती. फेकली नाही. फेकली असती तर ती सरांनी उचलली असती.

चोपड्याला मैदानात पाय ठेवते तोच आयोजक समोर आले. पारोळ्याकडची हकिगत त्यांच्या कानावर आली होती. आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, आमच्याकडे दोन जावई खेळताहेत. आधीच कानावर घालून ठेवतो."

"ठीक आहे," मी म्हटलं. "आणि गावच्या लेकी कधी खेळणार?"

ते चहा सांगायला गेले.